बधिर पाय ‘पुरे’ म्हणत नाही

माझ्या बायकोचं पॅक्लिटॅक्सेल (कॅन्सरवरचं केमोचं औषध) दर आठवड्याला एक डोस असं 12 आठवडे चाललं. नवव्या-दहाव्या डोसच्या सुमाराला एकदा ही आतल्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा एकाच पायात चप्पल होती. मी विचारलं, ‘दुसरी कुठाय?’ तेव्हा कुठे हिने खाली बघितलं. चप्पल दारातच निसटली होती आणि हिला पत्ताच नव्हता. दिवसा पाय असे बधिर आणि रात्री त्याच पायांची आग. ‘तळव्याला वाळू चिकटल्यासारखी वाटते हो,’ म्हणायची. पांघरूणसुद्धा पायाला लागलेलं चालायचं नाही.

मला वाटलं, पाय दुखतात तर चेपून द्यावेत. तेल घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी तळवे चांगले रगडले. ही गप्प होती, म्हणून मी आणखी जोर लावला. त्या रात्री हिला झोप लागली नाही आणि सकाळी पावलाच्या कडेला निळसर डाग दिसला. माझी चूक मला तेव्हा उमगली. थकलेल्या पायाला जोर बरा वाटतो, कारण तो पाय ‘पुरे’ म्हणू शकतो. बधिर पायाला ते सांगताच येत नाही. तिथे दाब किती द्यायचा, हे आपण दुसरीकडून शिकून यायचं असतं.

हे दुखणं स्नायूंचं नाही, मज्जातंतूंचं आहे. पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या संवेदना-पेशीचं मूळ कण्याशेजारी असतं आणि तिथून टोकापर्यंतचा तंतू जवळजवळ एक मीटर लांब. तंतूत ज्या सूक्ष्म नळ्यांवरून मालाची ने-आण होते, त्यांचंच काम हे औषध अडवतं. म्हणून सगळ्यात लांबचे तंतू आधी बिघडतात. पायमोजे आणि हातमोजे घालतो तेवढाच भाग बधिर होतो. मालिशने तंतू दुरुस्त होत नाही. आग, आखडलेपण कमी होऊ शकतं, झोप लागू शकते. आमच्या घरी तेवढंही पुष्कळ होतं.

मालिश सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, आणि ‘मालिश करू का?’ एवढंच विचारू नका. प्लेटलेट किती आहेत, हाडांत गाठ आहे का, रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे का, कुठल्या बाजूच्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्यात, हे एकेक विचारा. कॅपेसिटाबिनसारख्या केमोच्या औषधाने तळवे लाल होऊन सोलत असतील तर चोळणं बंदच ठेवायचं, घर्षणाने ते वाढतं. आणि एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखायला लागली तर हातही लावू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

दर वेळी आधी दिवा लावून पाय नीट बघतो. बोटांच्या बेचक्या, टाच, नखांच्या कडा. हिला काचलेलं कळत नाही, म्हणून हे काम माझ्या डोळ्यांचं. फोड, चीर, सैल झालेलं नख दिसलं की तेवढी जागा सोडायची. माझी नखं कापलेली, अंगठी काढलेली, हात धुऊन एकमेकांवर चोळून ऊब आणलेले. तेल साधं, बिनवासाचं आणि न तापवलेलं. झोंबणारे बाम किंवा गरम पिशवी बधिर कातडीवर अजिबात नको. भाजलं तरी कळत नाही.

ही उताणी झोपते, गुडघ्याखाली उशी. मी पायथ्याशी बसतो. आधी दोन्ही पावलं नुसती हातांत धरतो, दोन-तीन श्वास. मग गुडघ्याच्या खालून सुरुवात, कारण तिथे हिला नीट कळतं. पोटरीवर हात फिरवत विचारतो, ‘हे ठीक?’ हिचं ‘हं’ आलं की तोच दाब हाताच्या लक्षात ठेवायचा आणि पावलावर त्यापेक्षा हलकाच लावायचा. क्रीम अंगात जिरवताना लागतो तेवढा. अंगठ्याचं टोक टोचायचं नाही. सगळा तळहात चिकटून फिरला पाहिजे. घोट्याकडून गुडघ्याकडे लांब, सावकाश हात, सात-आठ वेळा. मग पावलाची वरची बाजू, मग तळवा टाचेपासून बोटांकडे. एकेक बोट तीन बोटांच्या चिमटीत धरून मुळापासून टोकाकडे अलगद सोडवत आणायचं, ओढायचं नाही.

बोटाने हळुवार गुदगुल्यांसारखा स्पर्श केला तर हिला वीज चमकल्यासारखं होतं. तळहाताचा स्थिर, रुंद स्पर्श मात्र सोसतो. म्हणून हात मध्येच उचलत नाही. तेल घ्यायचं असेल तर दुसरा हात पावलावर ठेवूनच घेतो. एका पायाला दहा मिनिटं, एक दिवसाआड. हातांनाही असंच, पण ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात मी फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावरच घेतला.

शेवटी तेल पूर्ण पुसायचं, बेचक्यांतलंसुद्धा. तळव्याला जमीन कळत नाही, त्यात तेल राहिलं तर पडणं ठरलेलं. मोजे घालून पाच मिनिटं कडेला बसवतो, मगच उठवतो.

वहीत मालिशच्या आधी आणि नंतर आगीला शून्य ते दहा आकडा लिहितो. पहिल्या महिन्यात रात्रीची आग सातवरून चारवर आली. बधिरपणा होता तिथेच राहिला. वही डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी डुलॉक्सेटिनचा, म्हणजे मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधाचा, विषय काढला. दुखणं सहन होत नसेल तर हे औषध त्यांना जरूर विचारा, नुसत्या मालिशवर माणसाला ताटकळत ठेवू नका. ऑक्झालिप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन ही केमोची औषधं झाली असतील तर डोस संपल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो. तेव्हा मालिशमुळेच बिघडलं असं मानून घाबरू नका, पण कळवा.

काही रात्री ही म्हणते, ‘आज नको, हात लावू नका.’ तेव्हा तेलाची बाटली उघडत नाही. पांघरूण पायांना टेकू नये म्हणून पायथ्याशी दोन उशा उभ्या करतो आणि हिच्या डोक्याशी बसून कपाळावर हात ठेवतो.