पोफळीच्या सावलीतला जुना लाकडी डेक: साफ कसा करावा, स्टेन कसा लावावा

आमच्या घरामागे पोफळीचं आगर आहे आणि त्याच्या कडेला, फणसाखाली, दहा बाय बारा फुटांचा लाकडी डेक, म्हणजे बसायचा फळ्यांचा ओटा. फळ्या जुन्या घराच्या सागवानी तुळया चिरून काढलेल्या, खालचे वासे ऐनाचे. बाजूने शिंपणाचा पाट जातो. भर उन्हाळ्यातसुद्धा दुपारचे चार कवडसे पडतील तेवढंच ऊन. बसायला अशी जागा शोधून सापडायची नाही, पण लाकडाचे मात्र इथे हाल होतात.

पहिल्या वर्षी मी त्याला चकचकीत व्हार्निशचे तीन हात दिले. मे महिन्यात डेक आरशासारखा दिसत होता. गणपती येईपर्यंत ठिकठिकाणी फुगे आले, नख लावलं की पापुद्रा निघायचा आणि खालचं लाकूड काळं, ओलं लागायचं. तो सगळा थर खरवडून काढायला सुताराला आणि मला मिळून चार दिवस लागले.

चूक कुठे झाली ते समजून घ्यायला हवं, कारण पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. उघड्यावरच्या डेकचा शत्रू ऊन. त्याने लाकूड करडं पडतं, तडकतं. सावलीत तो त्रास कमी, पण पाणी वाळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो थांबल्यावरही आगरातली जमीन ओलीच असते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर राहिला, की कुजवणाऱ्या बुरशीला हवं ते सगळं मिळतं. शेवाळ स्वतः लाकूड खात नाही, पण ओल्या फडक्यासारखं फळीला चिकटून बसतं. व्हार्निशचा थर वरून कितीही घट्ट असला तरी पाणी स्क्रूच्या भोकांतून, फळीच्या टोकांतून आणि खालून शिरतंच. मग तोच थर त्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून सावलीतल्या लाकडाला वर थर बसणारं काही नको, आत मुरणारा स्टेन हवा, म्हणजे लाकडात शिरून त्याला रंग आणि संरक्षण देणारा पातळ द्रव.

आधी तपासणी

हातात पेचकस घ्या आणि डेकखाली वाका. वरच्या फळ्या सगळ्यांना दिसतात, जीव मात्र खालच्या वाशांत असतो. वासा आणि फळी जिथे टेकतात तिथे, स्क्रूभोवती आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना पेचकसाचं टोक दाबून बघा. निरोगी सागात ते जेमतेम रुततं. मऊ लागून आत गेलं, किंवा ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर ती फळी बदलायची. वासाच मऊ असेल तर सुताराला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि तोवर डेकवर माणसं बसवू नका. वाळवीची मातीची नळी दिसली तर आधी तिचा बंदोबस्त.

नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. समुद्र जवळ असेल तर 316 दर्जाचे, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणारे. साध्या लोखंडाभोवती लाकडाला काळे डाग पडतात. पूर्वी पोथ्यांसाठी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांची काळी शाई करत. इथे घडतं ते तेच: लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग. ऐन तर हिरड्याचाच भाऊबंद, त्यामुळे ऐनावर हे डाग फार उठून दिसतात. याच कारणाने तारेचा ब्रशही या कामात वापरू नये.

हवा खेळू द्या

स्टेनच्या डब्याआधी कोयता बाहेर काढा. डेकवर टेकलेल्या फांद्या छाटा, खालचा पाचोळा ओढून काढा, पाट डेकपासून थोडा लांब वळवा. फळ्यांमधल्या फटी पातळ पट्टीने मोकळ्या करा. त्यांत कुजलेल्या पानांची काळी माती बसते आणि फळीची कड तिथूनच नासायला लागते. एवढंच केलं आणि स्टेन लावलाच नाही, तरी डेकचं आयुष्य वाढेल.

धुणं

ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पूड, लिटरभर कोमट पाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास विरघळवा. मिश्रण त्याच वेळी वापरा, ठेवून उपयोग नाही. फळ्या पाण्याने भिजवून वर ओता, पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या आणि काथ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या ब्रशने फळीच्या रेषेच्या दिशेने घासा. फेस येतो आणि हिरवट काळं पाणी सुटतं. मग भरपूर पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरून मारला तर जुन्या लाकडाचा मऊ भाग उडून जातो आणि फळी फणीसारखी खरखरीत होते. बागेची साधी नळी पुरते.

काळे डाग उरले तर दुसऱ्या दिवशी ऑक्झॅलिक ॲसिड, लिटरला साधारण साठ ग्रॅम. दहा मिनिटांत सागाचा मधाळ रंग वर येताना दिसतो. हे विषारी आहे: हातमोजे आणि चष्मा घाला, मुलं, कुत्री-मांजरं लांब ठेवा, शेवटी दोनदा धुवा. घरातलं क्लोरीनचं ब्लीच या कामात आणूच नका. ते या ॲसिडमध्ये मिसळलं तर घातक वायू सुटतो.

वाळवणं

घाई होते ती इथेच. वरून कोरडी दिसणारी फळी आत ओली असते. उन्हातला डेक दोन-तीन दिवसांत वाळतो, सावलीतल्याला मी निदान आठवडा देतो आणि त्या आठवड्यात जवळचं शिंपण बंद ठेवतो. कोकणात यासाठी फेब्रुवारी ते एप्रिलचा मध्य हा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस गेलेला असतो, पण जमिनीत ओल असते आणि पहाटे दव पडतं. ओलावा मोजायचा दोन पिनांचा मीटर मिळाला तर तीन-चार जागी टोचून बघा. आकडा 15-16 च्या खाली हवा. मीटर नसेल तर फळीवर पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात मुरले तर लाकूड स्टेन प्यायला तयार आहे. तसेच मण्यांसारखे उभे राहिले, तर जुनं पॉलिश अजून अंगात आहे किंवा लाकूड पुरतं वाळलेलं नाही.

धुतल्यावर लाकडाला लव उठते. 60 किंवा 80 नंबरच्या पॉलिश पेपरने ती घासा, त्याहून बारीक नको. हाताला गुळगुळीत लागेल, पण छिद्रं बुजतात आणि स्टेन वरच राहतो. सागाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून मास्क लावा.

स्टेन

दुकानात बाहेरच्या लाकडासाठीचा, आत मुरणारा, लाकडाच्या रेषा दिसू देणारा आणि बुरशीनाशक असलेला स्टेन मागा. नुसतं जवसाचं तेल सावलीत लावू नका. बुरशीला ते खाद्यच होतं. काही जण काजूच्या टरफलाचं तेल सुचवतील. होड्यांना ते लावतात आणि लाकूड खरंच टिकतं, पण काजू बिब्ब्याच्या कुळातला, अंगाला लागलं की फोड येतात. मी ते फक्त खालच्या वाशांना लावतो, तेही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे घालून. अनवाणी पायांखालच्या फळीवर ते कधीच नको.

आधी कोपऱ्यातल्या एका फळीवर लावून दोन दिवस रंग बघा. मग सकाळी दहानंतर, दव उडाल्यावर, सुरुवात करा आणि तीनपर्यंत आटपा. डबा तळापासून ढवळत राहा. दोन-तीन फळ्या धरायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुऱ्या करायच्या. मध्येच थांबलात तर तिथे गडद पट्टा उमटतो. कापलेली टोकं सर्वांत जास्त पाणी ओढतात, म्हणून त्यांना पिणं थांबेपर्यंत दोन-तीनदा पाजा. पंधरा-वीस मिनिटांनी फळीवर जे ओलं चमकतंय ते फडक्याने पुसून काढा. पैसे पुसून टाकतोय असं वाटतं, पण न मुरलेला स्टेन चिकट राहतो आणि त्याचाच पुढे पापुद्रा होतो. जुनं लाकूड जास्त पितं. आमच्या 120 चौरस फुटांना दोन लिटरला थोडा कमी लागला. दुसरा हात फक्त डब्यावर सांगितला असेल आणि लाकूड ओढत असेल तरच.

तेलाच्या स्टेनची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

नंतर

दोन दिवस पाय नको, आठवडाभर खुर्च्या नकोत. कुंड्या थेट फळीवर न ठेवता विटांच्या तुकड्यांवर ठेवा. पावसात दर आठवड्याला फणसाची पानं झाडून काढा, आणि बसायच्या बाजूला झड येत असेल तर झावळ्यांचे झाप बांधा, पण सगळीकडून कोंडून टाकू नका. पाऊस सरला की एक साधी धुलाई.

दरवर्षी शिमग्याच्या सुमारास पुन्हा पाण्याचे थेंब टाकून बघा, फणसाखालच्या सर्वांत गडद कोपऱ्यात आधी. तिथे थेंब लगेच मुरले तर तेवढ्या फळ्या धुवून, वाळवून एक पातळ हात द्या. बाकीचा डेक आणखी एक पावसाळा काढेल.