पावसाळा सरल्यावर एक खोली: कमी खर्चात घराचे रूप पालटण्याची पद्धत

आपल्याकडे घराला रंग देण्याचा विचार नवरात्राच्या सुमारास सुरू होतो आणि दिवाळीपूर्वी काम उरकावे अशी घाई असते. या वेळापत्रकामागे सणाइतकेच हवेचेही कारण आहे. चार महिने पाणी प्यायलेली भिंत ऑक्टोबरच्या उन्हात वाळू लागते, आणि वाळलेल्या भिंतीवरच रंग टिकतो. मुंबई-कोकणात तिला देशावरच्यापेक्षा अधिक दिवस द्यावे लागतात, हे ध्यानात घेऊन कामाचा दिवस ठरवावा.

येथे 10 बाय 12 फुटांची, साडेनऊ फूट उंचीची, एक दार आणि एक खिडकी असलेली खोली डोळ्यांपुढे ठेवली आहे. दर गावोगावी आणि दुकानागणिक बदलतात, म्हणून रुपयांऐवजी मापे दिली आहेत; ती हाती असली की आपल्या दुकानदाराकडून अचूक हिशेब मांडून घेता येतो. पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे: आधी ओल, मग भिंत, मग उजेड, त्यानंतर कापड आणि सर्वांत शेवटी वस्तू. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. नवा सोफा पोपडे धरलेल्या भिंतीसमोर येऊन बसतो, आणि खर्च होऊनही खोली जुनीच दिसते.

पहिल्या दिवशी काहीही विकत आणू नये. खोलीतले हलवता येण्याजोगे सारे सामान बाहेर काढावे, माळ्यावरचेसुद्धा. रिकामी खोली झाडून, पुसून, तिच्यात दिवसाच्या तीन वेळांना उभे राहून पाहावे. ऊन कुठून येते, कोणता कोपरा दुपारीही अंधारा राहतो, कोणत्या भिंतीवर डाग आहे, हे सामानाच्या आड कधी दिसलेले नसते. नंतर सामान आत घेताना प्रत्येक वस्तू गेल्या वर्षभरात वापरली का, एवढेच विचारावे. रद्दीवाला, भंगारवाला आणि अजून फिरत असेल तर बोहारीण यांच्याकडे जाण्याजोगे बरेच काही निघते. पलंग खिडकीसमोरून हलवून लांब भिंतीला लावला किंवा दारामागचे कपाट दुसरीकडे नेले, तरी जमीन मोकळी दिसू लागते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आता ओल. गच्चीच्या कोब्याला गेलेली भेग, खिडकीच्या सज्जावरून आत झिरपणारे पाणी, पलीकडच्या न्हाणीघरातली गळकी नळजोडणी, किंवा जमिनीतून वर चढणारी ओल, यांपैकी कारण कोणते हे शोधल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. भिंतीवर पांढरट क्षार फुलून आले असतील, तर पाणी गिलाव्यातून बाहेर येऊन वाळते आहे असे समजावे. शंका असल्यास एक सोपी परीक्षा करता येते. एक फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावावा आणि पूर्ण दिवस-रात्र तसाच ठेवावा. भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले, तर ओल भिंतीच्या पोटात आहे. खोलीकडच्या अंगाला जमले, तर खोलीतलीच दमट हवा थंड भिंतीवर साचते आहे, आणि तिथे गवंड्यापेक्षा खिडकी उघडी ठेवण्याचा उपयोग अधिक होतो.

ही परीक्षा न करता मी एका वर्षी ओलसर भिंतीवर लांबी (भेगा-खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरून रंगाचे दोन हात, म्हणजे दोन थर, दिले होते. दिवाळीत भिंत सुरेख दिसली, आणि पुढच्या जुलैत त्याच जागी तळहाताएवढे फुगे येऊन लांबीसकट रंग सुटला. सगळे खरवडून पहिल्यापासून करावे लागले. तेव्हापासून, हाताशी थोडेच पैसे असतील तर ते गळती थांबवण्यावर घालवावेत आणि रंग एक वर्ष पुढे ढकलावा, असे मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

काळी बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नये, कारण तिचे कण खोलीभर उडतात. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत, आणि त्या पाण्यात संडास धुण्याचे आम्ल किंवा दुसरे कोणतेही द्रव्य चुकूनही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

भिंत कोरडी असल्याची खात्री झाली की तिच्यावरून तळहात फिरवून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली, तर जुना चुना किंवा डिस्टेंपर (पाण्यात कालवून लावायचा स्वस्त रंग) सैल झाला आहे. त्याच्यावर नवा रंग चढवला तर तो भिंतीला चिकटत नाही, जुन्या थराला चिकटतो आणि त्याच्यासकट गळून पडतो. म्हणून सैल भाग पत्र्याच्या पट्टीने खरवडावा, भिंत ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी, भेगा आणि खिळ्यांची भोके लांबीने भरावीत, ती वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून हाताला सलग लागेल इतकी करावी, आणि मग प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक हात द्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात धूळ फार उडते, आणि मजुरी वाचवायची तर नेमके हेच घरच्या माणसांनी करता येण्याजोगे आहे. संपूर्ण भिंतीला लांबी लावण्याची गरज बहुतेक घरांत नसते. खराब जागाच भरल्या तरी चालते.

रंग किती लागेल याचा हिशेब असा. चार भिंतींचा घेर 44 फूट, उंची साडेनऊ, म्हणजे 418 चौरस फूट. त्यातून 3 बाय 7 च्या दाराचे 21 आणि 4 बाय 4 च्या खिडकीचे 16 वजा केले की 381 उरतात. प्रायमर दिलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन (पाण्यात मिसळणारा, पुसता येणारा रंग) दोन हातांना साधारण 60 चौरस फूट पुरतो, म्हणून भिंतींना साडेसहा लिटरच्या आसपास लागेल. डबे 1, 4, 10 आणि 20 लिटरचे मिळतात. येथे चाराचा एक आणि एकाचे तीन घेतले तर दहाच्या डब्याचा उरणारा खर्च वाचतो. मात्र सर्व डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून घ्यावेत, म्हणजे दोन डब्यांमधला छटेचा बारीक फरक भिंतीवर उमटणार नाही. छताला पांढरा डिस्टेंपर पुरे, कारण तिथे कोणाचा हात लागत नाही. लहान मुलांचा वावर असलेल्या खोलीत भिंतींना मात्र इमल्शनच घ्यावा, तो पुसता येतो. फारच थोडक्यात भागवायचे असेल तर एकाच भिंतीला, म्हणजे दारातून आत येताना समोर दिसते तिला, इमल्शन देऊन उरलेल्या तिन्हींना फिक्या छटेचा डिस्टेंपर दिला तरी खोली नवी वाटते.

छटा पुस्तिकेवरून ठरवू नये. बोटभर चौकोनात फिकट वाटणारा रंग चार भिंतींवर चढला की एकमेकांच्या प्रतिबिंबाने गडद होतो. एक लिटरचा एकच डबा आधी आणून दोन फूट चौरस जागा रंगवावी आणि ती सकाळी, दुपारी आणि रात्री घरातल्याच दिव्याखाली पाहावी. पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या खोलीत पिवळा-केशरी संध्याकाळी डोळ्यांना त्रास देतो. तिथे फिका हिरवा किंवा राखी निळा बरा वाटतो. उत्तरेकडच्या खोलीत याउलट हळदुव्या छटेने ऊब येते. चुन्यात नीळ घालून भिंत पांढरी करण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत स्वस्त आहे आणि वाड्याच्या किंवा मातीच्या भिंतीला तीच योग्य, कारण चुन्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडू शकते. चुना ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो, हे ठाऊक नसले की माणूस घाबरून जाड थर देतो, आणि मग तो तडकतो.

आधी छत, नंतर कोपरे आणि कडा ब्रशने, शेवटी मोकळी भिंत रोलरने, असे वरून खाली यावे. एक भिंत अर्ध्यावर सोडून जेवायला उठू नये. वाळलेल्या कडेवर पुन्हा रंग चढला की पट्टा दिसतो. याच कारणाने पंखाही बंद ठेवावा. पहिल्या हातानंतर 4 ते 6 तास जाऊ द्यावेत.

दारे-खिडक्यांच्या जुन्या तैलरंगाबद्दल एक सावधगिरी आवश्यक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या चौकटींवरील रंगात शिसे बरेच असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये. वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरता येणारा पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून घासावे, निघालेला लगदा ओल्या फडक्याने गोळा करावा, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या दिवशी घरात थांबू देऊ नये.

भाड्याचे घर असल्यास अकरा महिन्यांच्या करारात रंग आणि खिळे यांविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचावे, आणि मालकाची परवानगी तोंडी न घेता संदेशाने घ्यावी. रंगाचा खर्च भाड्यातून वळता होईल का, हेही विचारून पाहावे. भिंत त्यांचीच सुधारते, त्यामुळे पुष्कळ मालक तयार होतात.

उजेडासाठी पहिले काम म्हणजे खिडकीची डासांची जाळी काढून धुणे. वर्षभराच्या धुळीने ती इतकी भरते की ती धुतल्यावर दिवा न लावता वाचता येते. त्यानंतर छताजवळच्या एकाच पांढऱ्याफटक ट्यूबवर विसंबणे सोडावे. कामासाठी ती असू द्यावी, परंतु संध्याकाळसाठी डोळ्यांच्या पातळीखाली दोन लहान दिवे ठेवावेत, एक बसण्याच्या जागेपाशी आणि एक सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात. खोक्यावर 6500 केल्विन लिहिले असेल तर उजेड निळसर पांढरा, 2700 ते 3000 लिहिले असेल तर पिवळसर असतो. बसण्याच्या खोलीला पिवळसरच शोभतो. 9 वॅटचा एलईडी साधारण 900 ल्युमेन (उजेडाचे माप) देतो, कोपऱ्यासाठी त्याच्या निम्माही पुरतो.

कापडाच्या बाबतीत आपल्या घरांइतकी श्रीमंती क्वचितच कुठे असेल, कारण कपाटात सुती साड्या असतात. सहावारी साडी साडेपाच मीटर लांब आणि सुमारे 45 इंच रुंद असते. दुमडीसह 2.35 मीटरचे दोन तुकडे कापले की सात फुटी पडद्याचे दोन पाखे होतात, आणि काठ आपोआप दोन्ही कडांना उभे येतात. चार फुटी खिडकीला या 90 इंचांत हव्या तेवढ्या चुण्या पडतात. उरलेल्या पाऊण मीटर पदरातून 16 इंची उशांच्या दोन अभ्र्यांचे दर्शनी भाग निघतात. साडी वापरून धुतलेली असल्याने आटण्याची भीती नसते. अस्तराला मांजरपाट लावणार असाल तर तो मात्र आधी धुऊन घ्यावा. रेशमी साडी खिडकीला लावू नये, उन्हाने तिचे धागे कुजतात. पडद्याची दांडी चौकटीच्या सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच बाहेर ठेवावी, म्हणजे खिडकी मोठी भासते आणि पडदा सरकवल्यावर काच झाकली जात नाही. पलंगावर सोलापुरी चादर किंवा आजीची गोधडी घातली की वेगळी शोभा आणण्याची गरज उरत नाही.

लाकडी सामान जुने घ्यावे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात सागवानी खुर्ची-मेज अजूनही मिळते. घेण्यापूर्वी ते उलटे करून पाहावे. बारीक गोल भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर आत भुंगा आहे, ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घरी आणू नये. लाकूड रेषांच्या दिशेने घासून, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात कापडाच्या बोळ्याने द्यावेत, विस्तवापासून दूर आणि कोरड्या हवेत. दमट दिवसांत हे पॉलिश पांढरट होते.

काम संपल्यावर उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या बाटलीत काठोकाठ भरावा, बाहेरून छटेचा क्रमांक, खोलीचे नाव आणि तारीख लिहून चिठ्ठी चिकटवावी, आणि ती माळ्यावर न ठेवता सावलीतल्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षी खुर्चीच्या पाठीने भिंत खरचटली तर तेवढीच जागा भरता येईल.