जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवताय? आधी हे बघा

सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि स्लो वाटतोय म्हणून लगेच रॅम मागवू नका, आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, तिथे रॅम बसवायच्या जागा म्हणजे स्लॉट किती आहेत, किती भरलेत आणि स्पीड किती ते दिसतं. पण त्याच्यावरच विसंबू नका, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती बदलताच येत नाही, म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल बघाच, जास्तीत जास्त किती जीबी चालते तेही त्यातच मिळतं.

डीडीआर ३ आणि डीडीआर ४ हे रॅमचे वेगवेगळे प्रकार, त्यांची खाच वेगळ्या जागी असते, एकाची रॅम दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही, बळजबरी केली तर स्लॉट जाईल. फसायला होतं ते डीडीआर ३ आणि ३ एल मध्ये, दिसायला सेम पण एक १.५ व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची, अन् बरेच लॅपटॉप फक्त ३ एल घेतात.

बसवताना चार्जर काढा, बॅटरीचं कनेक्शन सोडवा, हात आधी एखाद्या उघड्या धातूला लावा. रॅमची पट्टी म्हणजे स्टिक तिरकी आत सरकवायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टक् करून लागल्या पाहिजेत. सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, बहुतेक वेळा स्टिक नीट बसलेली नसते, काढून परत लावा. आणि हो, विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही, ते आधीच तपासा.