कॅम्पर घेऊन चोर्ला चढायचाय? मग आधी हे बघा

गोव्यातनं बेळगाव-कोल्हापूर साइडला कॅम्पर घेऊन निघायचं म्हटलं की घाट काही चुकत नाही. फोंड्याकडचे मोलेवरून अनमोड धरतात, डिचोली-साखळीवाले केरीवरून चोर्ला, आणि म्हापशाचे बरेच जण सावंतवाडीवरून आंबोली. मॅप कधीकधी तिलारीचा घाट जवळचा म्हणून दाखवतो, पण तिथली वळणं इतकी आखूड आणि चढ इतका उभा की लांब गाडीने त्याच्या नादाला लागूच नये, फिरून गेलात तरी चालेल.

आता मुद्द्याचं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेला कॅम्पर म्हणजे आत पलंग, ओटा, फ्रिज, टाकी सगळं धरून तीन-चार टनांचं धूड, आणि चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर. एवढं वजन वर न्यायला इंजिनाकडे ताकद असते हो, खरा प्रश्न गरमीचा असतो. घाटात जे काय करायचं ते इंजिन आणि क्लच गरम होऊ नये म्हणून करायचं, एवढं डोक्यात ठेवलं की बाकी आपोआप सुचतं.

सुरुवात घरीच होते. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, ते फुकट वर का न्यायचं? प्यायला आणि हात धुवायला लागेल तेवढं ठेवा, टाकी वर गेल्यावर भरा. वापरलेल्या पाण्याची टाकी मात्र घरीच रिकामी करा, अभयारण्यातल्या ओहोळाशेजारी उभं राहून नळ सोडणारे लोक बघितलेत, लाज वाटते. कूलंट आणि टायरची हवा गाडी थंड असताना बघा. गॅस सिलिंडरचा कॉक बंद आणि सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळलेला. कपाटांना कड्या लावा, नाहीतर पहिल्याच वळणाला टोप-वाट्या खाली येतात आणि तुमचं लक्ष मागे जातं. डिझेल साखळीलाच भरून घ्या. आणि पहाटे निघा, हवा थंड असते, ट्रॅफिकही कमी.

केरीच्या अंजुणे धरणाची बाजू सोडली की चढ अंगावर येतो. इथे बहुतेक जण करतात काय, तर वरच्या गिअरमध्ये पाय दाबून गाडी ओढत राहतात, गाडी धडधडायला लागली, दम टाकायला लागली की मग खालचा गिअर शोधतात. उलटं करायचं. चढ दिसला की आधीच गिअर खाली घ्या, दुसरा म्हणजे दुसरा, पहिला म्हणजे पहिला. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका, वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे कमी असताना) वॉटर पंप हळू फिरतो, पाणी नीट फिरत नाही आणि इंजिन उलट जास्त तापतं. डिझेल टर्बो गाडी साधारण २००० ते २५०० आरपीएमवर ठेवली की खुशीत चढते, मग स्पीड वीस का असेना. ऑटो गिअरवाली असेल तर मॅन्युअलला टाका.

पुढे लोडेड ट्रक असेल तर अंतर ठेवून सरळ त्याच्या मागे राहा. हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी चढाला धरून ठेवू नका, दोन-तीन वेळा केलं की तो जळका वास येतो, आणि वास आला म्हणजे प्लेट खाल्लीच. थांबलात की हँडब्रेक ओढा, निघताना क्लच पकडल्याचं जाणवलं की मगच हँडब्रेक सोडा. मागे लाइन लागली तर रुंद जागा बघून बाजूला व्हा, इंडिकेटर द्या, जाऊ द्या त्यांना.

हेअरपिनला, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरते त्या वळणाला, गिअर वळणाच्या आधी बदला, वळणात नाही. आतली बाजू सगळ्यात उभी असते. डावं वळण आपल्याला आतून पडतं, म्हणून समोरचं दिसत असेल तर जरा बाहेरून घ्या, नाहीतर मागचं चाक गटारात. आणि मागचा लोंबता भाग बाहेर फिरतो हे आरशात बघत राहा. हॉर्न द्या, वरून बस पूर्ण वळण खात येत असेल तर वळणाआधीच थांबा. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, पण बसवाल्याशी नियमावर भांडायची ही जागा नव्हे.

इंजिनाच्या तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकायला लागला की एसी बंद, हीटर फुल गरम. घाम फुटेल, पण इंजिनाची गरमी आत ओढली जाते. तरीही चढत असेल तर रुंद जागी थांबा, इंजिन लगेच बंद न करता चालू ठेवा, काटा उतरू द्या. वाफ निघत असेल किंवा पाणी गळत असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. उभं राहताना पहिला गिअर, हँडब्रेक, स्टेअरिंग असं वळवा की गाडी मागे सरकली तर डोंगराला टेकेल, आणि मागच्या चाकाला मोठा दगड. निघताना तो दगड रस्त्यातनं काढा, मागून बाइकवाला येतो.

पावसात धुकं आणि दरडी असतात, रात्रीचं जाऊच नका.

माथ्यावर पोचलात की गाडी मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करा, टर्बो गरम असतो. परतताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल अजिबात नाही. ब्रेक थोडा दाबून सोडा, सतत धरून ठेवू नका. ब्रेकचा वास आला तर थांबून अर्धा तास निवू द्या, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडा जातो.