जुना हीट एक्स्चेंजर बसवण्याआधी पाण्यात बुडवून पाहिला

आमची डिझेल बोट धडगाव तालुक्यात, सरदार सरोवराच्या फुगवट्यात चालते. इंजिन तापू लागलं म्हणून मुंबईच्या भंगार बाजारातून समुद्री बोटीचा वापरलेला हीट एक्स्चेंजर आणला. याच्या नळ्यांतून बाहेरचं पाणी फिरतं आणि नळ्यांभोवतीचं कूलंट, म्हणजे इंजिनमध्ये फिरणारं द्रव, गार करतं. बाहेरून चकचकीत रंगवलेला. असा रंग दिसला की मला आधी शंका येते.

दोन्ही टोकांची झाकणं उघडली. पितळेऐवजी आधी स्वतः झिजावी म्हणून बसवलेली जस्ताची कांडी पार खाऊन गेलेली, म्हणजे खाऱ्या पाण्याने पुढे पितळेवर हात टाकलेला असणार. झाकण ब्लेडने खरवडलं; पिवळ्या पितळेत एका जागी गुलाबी डाग निघाला. तिथलं पितळेतलं जस्त निघून गेलेलं, उरलेला धातू ठिसूळ. ते झाकण बाद.

मग खरी तपासणी. कूलंटच्या बाजूची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवला. इंजिनच्या प्रेशर कॅपवर, म्हणजे कूलंटचा दाब धरून ठेवणाऱ्या झाकणावर, 0.9 बार लिहिलंय, म्हणून पंपाने 1.2 बारपर्यंतच हवा भरली आणि टपात बुडवला. नळ्यांची तोंडं उघडीच ठेवली. मिनिटभर काही नाही. मग 2 नळ्यांतून मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक.

बसवला असता तर इंजिन गरम असताना कूलंट दाबाने नळ्यांतून बाहेर गेलं असतं आणि इंजिन गार झाल्यावर नदीचं गाळाचं पाणी कूलंटमध्ये शिरू शकलं असतं. 36 पैकी 2 नळ्या दोन्ही टोकांना पितळी बुचं ठोकून बंद केल्या. झाकण, ओ-रिंग, कांडी नवी घातली आणि पुन्हा बुडवला. 10 मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा हलला नाही, तेव्हाच इंजिनवर बसवून बोल्ट आवळले.