जनगणनेचा आकडा हाती घेताना

संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका संस्थेत मला पहिली नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात २०११ च्या जनगणनेची महाराष्ट्राची जिल्हावार फाईल हातात आली. प्राथमिक जनगणना गोषवारा हे तिचं नाव, पण बोलताना सगळे पीसीए म्हणतात. लोकसंख्येचा रकाना वरपासून खालपर्यंत निवडून मी बेरीज मारली. उत्तर आलं जवळजवळ ४५ कोटी. राज्याची लोकसंख्या तर ११,२३,७४,३३३. म्हणजे थेट चौपट! प्रत्येक जिल्ह्याच्या एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात, आणि राज्याच्याही तशाच तीन ओळी त्याच फाईलमध्ये वर बसलेल्या असतात. प्रत्येक माणूस मी चारदा मोजला होता. तेव्हापासून कुठलीही फाईल उघडली की आधी मी ओळ कोणत्या पातळीची आहे ते बघते, आकडा नंतर.

चौपट आकडा निदान डोळ्यांत तरी खुपतो. साक्षरतेची चूक मात्र कळतही नाही. महाराष्ट्रात २०११ साली साक्षर होते ८,१५,५४,२९०. त्याला एकूण लोकसंख्येने भागलं तर येतात ७२.५७ टक्के, आणि हा आकडा अगदी खरा वाटतो. पण जनगणनेत साक्षरतेचा विचार सात वर्षं आणि त्यापुढच्यांचाच होतो. शून्य ते सहा वयाची १,३३,२६,५१७ मुलं वजा करून भागाकार केला की दर येतो ८२.३४. जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक फक्त छेदामुळे! कुणालाही टक्केवारी देताना शेजारी छेद लिहा. मी तो न लिहिता एकदा अहवाल पाठवला होता आणि महिनाभर फोनवर खुलासे करत बसले.

शिकायचं काय, असं नवे लोक विचारतात. एक्सेलमधलं पिव्हट टेबल, आकडेमोडीसाठी थोडी ‘आर’ ही संगणकभाषा, नकाशांसाठी क्यूजीआयएस, एवढं सहा महिन्यांत जमतं. खरा वेळ व्याख्या वाचण्यात जातो, आणि जायलाच हवा. जिल्हा जनगणना पुस्तिका उघडा. जनगणना घेणाऱ्या महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. एक पूर्ण जिल्हा, शक्यतो आपलाच, सुरुवातीच्या टिपांसकट वाचा. सीमांचाही हिशेब ठेवा. २०११ च्या तक्त्यांत पालघर जिल्हा सापडणार नाही, तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. त्याची २०११ ची लोकसंख्या हवी असेल तर आठ तालुके जोडावे लागतात.

पण आकडे काढण्यापेक्षा ते मागणाऱ्याला देणं जास्त अवघड आहे, हे मला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी शिकवलं. ते विचारायचे, "ताई, आमच्या पाड्याची लोकसंख्या सांगा." जनगणनेच्या लेखी गाव म्हणजे महसुली गाव. त्यातले पाडे आणि वाड्या त्याच्याच आकड्यात विरघळतात. ग्रामीण भागात गावाच्या खालचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. सुरुवातीला मी गावाचा आकडा देऊन मोकळी व्हायचे, आणि तो पाड्याचा म्हणून अर्जात जायचा. आता मी तक्त्यासोबत दोन ओळी लिहून देते: हा आकडा कुठल्या हद्दीचा, आणि कशासाठी वापरू नये.

काही जण घरवार नावंही मागतात. ती मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार या नोंदी पाहायला खुल्या नाहीत, पुरावा म्हणूनही सहसा चालत नाहीत. लोक प्रगणकाला मोकळेपणाने उत्तर देतात ते याच भरवशावर.

बीडचं काम आलं तेव्हा मी सगळ्यात जास्त अडखळले. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीदरम्यान झाली आणि संदर्भाची वेळ होती १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र. नियम असा की या काळात माणूस कधीही घरी असला तर घरी मोजायचा, पण पूर्ण काळ बाहेर असला तर जिथे सापडेल तिथे. आता फेब्रुवारीत ऊसतोडीच्या टोळ्या कुठे असतात? मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघालेली माणसं तेव्हा कारखान्याच्या परिसरात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत असतात. नियमाप्रमाणे त्यांची मोजणी तिथेच व्हायची. म्हणून त्या गावांचा आकडा मला फेब्रुवारीतलं गाव म्हणून वाचावा लागतो. पावसाळ्यातल्या रेशनचा किंवा शाळेच्या पटाचा अंदाज त्यावरून काढणाऱ्याला हे आधी सांगावंच लागतं. तक्ता बरोबर आहे, पण तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही.

भाषेचा तक्ता, सी-१६, तर माझ्या घरापर्यंत आला. २०११ ला देशात मराठी या भाषागटात ८,३०,२६,६८० लोक होते. मी धुळ्याची, म्हणून त्यात अहिराणी शोधायला गेले. ती मराठीखाली नव्हतीच. खानदेशी या स्वतंत्र गटात ती डांगी आणि गुजरीच्या सोबत होती. म्हणजे खानदेशातल्या एखाद्या तालुक्यात मराठी 'कमी' दिसली तर तिथे परप्रांतीय वाढले असा निष्कर्ष काढण्याआधी ही ओळ बघायला हवी. आणि उलट बाजूही आहे: प्रगणक माणूस सांगेल तीच भाषा लिहितो.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या निमित्ताने मी आईला विचारलं, मागच्या वेळी काय सांगितलं होतंस? आईचं सगळं आयुष्य अहिराणीत गेलं, देवाशीसुद्धा ती अहिराणीतच बोलते. ती म्हणाली, "मास्तर आले होते गं लिहून घ्यायला. त्यांच्यासमोर मराठीच सांगितली."