सणासुदीत मुलांचा रियाज कसा टिकवायचा (नव्याने क्लास घेणाऱ्यांसाठी)

घरी पेटी आणि गाण्याचा क्लास घेते, बारा वर्षं झाली. यंदाच ज्यांनी सुरू केलाय त्यांना आधीच सांगून ठेवते, गणपती ते दिवाळी या काळात मुलांचा सराव हमखास सुटतो, आणि गांधर्व महाविद्यालयाची संगीत परीक्षा नेमकी त्याच्या मागोमाग, नोव्हेंबर-डिसेंबरात. पहिल्या वर्षी मी दिवाळीच्या सुट्टीसाठी दहा अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पलटे, वहीत लिहून दिले होते, रोज तीन लयींत म्हणायचे म्हणून. सुट्टी संपली तर बहुतेकांनी वही उघडलीच नव्हती, मी खूप चिडले मुलांवर, आणि ते चुकलं माझं. दारात किल्ला अर्धा झालेला असताना दहा वर्षांचं पोर आत बसून पलटे का घोटेल?

तेव्हापासून सणाचंच देते, पण असं की त्यात आपलं काम होऊन जाईल. ‘येई हो विठ्ठले’ या आरतीमधला तो लांबलचक ‘ये’ बघा, मुलं घरोघरी पैज लावून ओढतात. आता ऑगस्टमध्ये मी तोच धरते, तानपुरा लावायचा, स्वर हलू द्यायचा नाही, मोबाईलवर सेकंद मोजायचे. एरवी नुसता सा लावा म्हटलं की कंटाळतात, इथे मात्र दमसास, म्हणजे एका श्वासात स्वर टिकवायची ताकद, आपोआप वाढते.

पेटीवाल्यांसाठी तर आरती म्हणजे पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, बदलायची शिकवणीच. माझा एक विद्यार्थी क्लासमध्ये काळी पाचमध्ये (पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) सफाईने वाजवायचा, घरी आजोबांनी काळी एकमध्ये सूर लावला आणि याची बोटं जागीच थांबली, पुढच्या तासाला रडवेला होऊन आला. मग आम्ही दोन आठवडे तीच आरती दोन्ही पट्ट्यांत बसवली, आधी नुसता सा कुठे आलाय ते शोधायचं, मग पहिली ओळ, घाई नाही. विसर्जनाच्या आदल्या दिवशी आजोबांबरोबर त्याने अख्खी आरती वाजवली, तेव्हापासून त्याला सराव कर म्हणून सांगावं लागलेलं नाही.

नवरात्रात दुर्गा राग घ्या. नावामुळे मुलांना लगेच आपला वाटतो, ग आणि नी वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत, बाकी सगळे शुद्ध, त्यामुळे लहानांनाही झेपतो. भोंडल्याची गाणी थोड्याच स्वरांत फिरतात, ती मी शिकवत नाही, पेटीवर स्वतः शोधून आणा म्हणते. पावसाळा आहे म्हणून नवशिक्यांना मियाँमल्हार हा पावसाळी राग मात्र देऊ नका, कोमल-शुद्ध दोन्ही निषाद आणि तो आंदोलित, म्हणजे झुलवत घ्यायचा गंधार त्यांच्या गळ्यात अजून बसत नाही, उगाच हिरमोड होतो.

आणि दिवाळीला तारीख ठरवून द्या. मी भाऊबीज देते, त्या दिवशी घरच्यांसमोर एकच गाणं, पाठ, वही न बघता. पालकांना ग्रुपवर आधी कळवते, व्हिडिओ पाठवला नाही तरी चालेल पण गाताना मध्ये टीव्ही बंद ठेवा एवढंच सांगते.